वाढत्या व्हिस्कीचं प्रकरण

‘टॉर्क्विल गॅलब्रेथ, खासगी गुप्तहेर. उंची मध्यम, बुद्धी उंच. नजर अशी, की निर्जीव वस्तूंनीही कबुली द्यावी. उत्तर स्कॉटलंडात आजवर जे गुन्हे उलगडले नाहीत, ते केवळ मला कुणी विचारलं नाही म्हणून.’

हे वर्णन माझ्या मामाने स्वतःचं स्वतःच केलं होतं. ते सुवाच्य अक्षरात पुठ्ठ्यावर लिहून काढायचं काम माझ्याकडे आलं. ‘उंची मध्यम’ हे मामाच्या बाबतीत औदार्य होतं, पण मी काही बोलले नाही. मदतनिसाने बोलायचं नसतं, हे मला पहिल्याच दिवशी सांगण्यात आलं होतं.

मामाने हयात रेल्वेच्या पार्सल ऑफिसात काढली. हरवलेल्या सामानाचा विभाग त्याच्याकडे होता. त्याच्या सगळ्या कारकिर्दीत एक छत्री सापडली, तीही तिचा मालक स्वतः येऊन खुंटीवरून काढून घेऊन गेला म्हणून. मामा ती आपल्या यशात धरायचा. निवृत्त होताना रेल्वेने त्याला एक घड्याळ दिलं आणि त्याने आपणहून सिग्नलच्या मोडक्या कंदिलाचं भिंग घेतलं. जाड, कोंबडीच्या अंड्याएवढं, आणि हिरवं. त्या भिंगातून तो जग बघू लागला. त्यामुळे त्याच्या प्रत्येक प्रकरणात शेवाळ हा महत्त्वाचा पुरावा असायचा.

मी तेव्हा विशीत होते. मामाची छत्री धरायची, त्याचे सिद्धान्त ऐकायचे, आणि ते कोसळले की त्याच्याबरोबर घरी चालत यायचं, हे माझं काम. आता मी ऐंशी ओलांडली आहे. ती छत्री कुठे गेली आठवत नाही. सिद्धान्त मात्र सगळे आठवतात.

आमचं गाव बॅलनाशी. गावात एक चर्च, एक बेकरी, आणि डिस्टिलरी. तिला आम्ही सगळे भट्टीच म्हणायचो. भिजवलेल्या बार्लीचा गरम, गोडसर वास गावात भरला की बायका दोरीवरचे कपडे काढून घ्यायच्या, नाहीतर चादरींना लापशीचा वास यायचा. माझे वडील, ॲलस्टेअर ग्रँट, भट्टीत पिंपं बांधायचे. मी लहान असतानाच ते गेले. त्यानंतर घर चालवलं आईने. एफी तिचं नाव, मामाची थोरली बहीण. मामा बेकरीच्या माडीवर राहायचा, पण त्याचं ऑफिस म्हणजे आमच्या स्वयंपाकघरातली खिडकीजवळची खुर्ची. तिथे चहा मिळायचा.

त्या खुर्चीसमोर एका सोमवारी संध्याकाळी भट्टीचे मॅनेजर लॉकहार्ट येऊन बसले.

“गॅलब्रेथ, चोरी झाली असं काही म्हणता येत नाही,” ते म्हणाले.

“म्हणजे झाली आहे,” मामा म्हणाला. “इशबेल, लक्षात ठेव.”

“नाही हो. उलटंच झालंय. जे कमी व्हायला हवं ते कमी होत नाहीये.”

“माझं वजन म्हणताय का?” आई चुलीपाशी म्हणाली.

लॉकहार्टनी चहाचा घोट घेतला आणि सगळं सांगितलं. तीन नंबरच्या गोदामात, अगदी कोपऱ्यात, एक छोटं पिंप होतं. पहिलं महायुद्ध संपलं त्याच्या दुसऱ्या वर्षी भरलेलं. त्यात आधी शेरी ही स्पेनची वाइन होती, मग आमची व्हिस्की. आता पिंपात व्हिस्की ठेवली की ती लाकडातून थोडी थोडी उडून जाते, हे आमच्याकडे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. जितकी जुनी, तितकी कमी. त्याच वर्षी भरलेली शेजारची पिंपं कमरेच्या खाली उतरली होती. हे एकटं मात्र गळ्याशी भरलेलं.

“कोणी पाहिलं?” मामाने विचारलं.

“ऑक्सलींनी.”

ऑक्सली म्हणजे आमचे नवे अबकारी साहेब. इंग्लंडातल्या हल शहराचे. गोदामाला कुलपं दोन, एकाची किल्ली भट्टीकडे आणि दुसऱ्याची अबकारी साहेबांकडे. दोघं आल्याशिवाय दार उघडत नाही. आधीचे साहेब, बेर्ड, इतकी वर्षं गावात होते की ते सरकारी माणूस आहेत हे लोक विसरून गेले होते. ते वारले आणि ऑक्सली आले. आल्या आल्या त्यांनी सगळी पिंपं मोजायला घेतली. बूच काढायचं, काठी आत सोडायची, ती व्हिस्कीला टेकली की थांबायचं, आणि वर किती रिकामं आहे ते बघायचं.

“ऑक्सलींचं म्हणणं असं,” लॉकहार्ट म्हणाले, “की व्हिस्की कमी झाली तर त्याला सरकारकडे कलम आहे. हवेत गेली म्हणून लिहिता येतं. वाढली तर कलमच नाही. आणि ज्याला कलम नाही तो गुन्हा. शुक्रवारपर्यंत उलगडा झाला नाही तर ते वर कळवणार.”

“आणि वर कळवलं की?”

“भट्टीची किल्ली निनियनकडे असते. त्याच्याकडेच बोट जाणार. नोकरी जाईल. नोकरीबरोबर घरही जाईल, घर भट्टीचंच आहे ना.”

आईचा हात थांबला. निनियन गाऊ गोदामावर होता तेव्हापासून, जेव्हा आई मुलगी होती. माझ्या वडिलांच्या शवपेटीला खांदा देणाऱ्यांत तो पुढे उजवीकडे होता. म्हातारा, वाकलेला, आणि अबोल. त्याची बायको संधिवाताने खुर्चीतून उठत नव्हती. त्या घराच्या खिडकीतून तिला ओढा दिसायचा, तेवढंच तिचं जग.

“तुम्ही स्वतः निनियनला विचारलंत का?” आईने लॉकहार्टना विचारलं.

“संशयिताला सरळ विचारायचं नसतं, एफी,” मामा म्हणाला. “तो सावध होतो.”

लॉकहार्टनी मान डोलावली. शिकलेल्या माणसांना असली वाक्यं लगेच पटतात.

दुसऱ्या दिवशी आम्ही गोदामात गेलो. जमिनीवर माती, वर स्लेटच्या पातळ दगडांचं छप्पर, आणि अंधारात ओल, ओकचं लाकूड आणि मनुका यांचा तो वास. अजूनही कुठे जुनं कपाट उघडलं की मला क्षणभर तिथे गेल्यासारखं होतं. ऑक्सली आपलं कुलूप काढून दाराशी उभे राहिले. बारीक, नीटनेटका माणूस, बुटांना चिखल लागला की अपमान झाल्यासारखा खाली बघणारा. निनियनने टोपी काढली आणि पिंपाशेजारी उभा राहिला.

मामाने भिंग डोळ्याला लावलं.

“तुमच्या बुटांना शेवाळ लागलंय,” तो निनियनला म्हणाला.

“तुमच्याही,” निनियन म्हणाला.

मामाने खाली पाहिलं. खरंच त्याचेही हिरवे होते. मग ऑक्सलींचे. मग माझे. “टोळी मोठी दिसते,” तो माझ्या कानात म्हणाला.

मग चौकशी सुरू झाली.

“गेल्या मंगळवारी पाऊस होता?”

“होता.”

“त्यावर तुम्ही काय केलंत?”

“भिजलो.”

“तुम्हाला डावखुरी बहीण आहे?”

“नाही.”

“होती?”

“नाही.”

“उत्तरं फार तयार आहेत,” मामा मला म्हणाला. “इतका स्वच्छ माणूस मी पाहिला नाही. म्हणून तर संशय येतो.”

त्याने निनियनला सगळं विचारलं. मासे आवडतात का, झोप कशी लागते, राणीबद्दल काय मत आहे. पिंपात काय आहे, एवढं सोडून. निनियन प्रत्येक वेळी खरं उत्तर द्यायचा आणि पुढच्या प्रश्नाची वाट बघायचा. मला वाटायचं, तो एका विशिष्ट प्रश्नाची वाट बघतोय. पण मदतनिसाने बोलायचं नसतं.

पहिला सिद्धान्त पावसाचा निघाला. छप्पर गळतं, पाणी बुचातून आत जातं, व्हिस्की वाढते. मामा पिंपाशेजारी छत्री उघडून बसला. बाहेर मुसळधार पाऊस आणि आत एक थेंब नाही. मग त्याने ठरवलं, की पाणी चवीवरून ओळखायचं. ऑक्सलींनी नळीने एका ग्लासात दोन बोटं व्हिस्की काढली. जुन्या तांब्याच्या पातेल्याचा रंग होता तिचा.

मामाने डोळे मिटले. “जर्दाळू,” तो म्हणाला. “जुनं चामडं. चर्चमधला बाक, पुढून तिसरा. आणि अगदी शेवटी, ओला दगड.”

निनियनने टोपी एका हातातून दुसऱ्या हातात घेतली.

“आणि पाणी?” ऑक्सलींनी विचारलं.

“पाण्याचा अंदाज दुसऱ्या घोटाशिवाय येत नाही.”

दुसऱ्या घोटालाही आला नाही. तिसऱ्याला मामाला छप्पर गळतंय असं वाटू लागलं, पण ते त्याचे डोळे होते. रेल्वेतला एक मित्र आठवून तो रडत होता.

“माझ्याकडे मोजायचं यंत्र आहे,” ऑक्सली म्हणाले. “पाणी नाही, हे मी सोमवारीच सांगितलं होतं.”

“मग मला का प्यायला दिलीत?”

“तुम्ही मागितलीत.”

मी त्याला दंडाला धरून घरी आणलं. आई दारात उभी होती. “काय, सापडलं का?” तिने विचारलं.

“वाट सापडली तेवढी पुरे,” मी म्हटलं.

बुधवारी दुसरा सिद्धान्त आला, पाद्रीसाहेबांचा. रेव्हरंड स्ट्रॅकन दारूला शिवत नसत आणि दर रविवारी दारूविरुद्ध बोलत.

“विचार कर, इशबेल,” मामा म्हणाला. “जो माणूस दर आठवड्याला तासभर दारूबद्दल बोलतो, तो उरलेला आठवडा कशाचा विचार करत असेल? हा माणूस स्वतः चोरून दारू गाळतो. इतकी गाळतो, की ठेवायला जागा नाही. मग लपवायची कुठे? जिथे दारू असल्याचं कुणाला नवल वाटणार नाही तिथे. आपल्या भट्टीच्या पिंपात.”

“पण मामा, दोन कुलपं आहेत.”

“पाद्रीला देव मदत करतो.”

पाद्रीसाहेबांच्या परसात काचेची एक खोली होती आणि तिच्या भिंतीखालून तांब्याची नळी आत गेली होती. मामाने भिंगातून पाहिलं आणि मला हाताने थांबवलं. आत हिरवी गोल गोल फळं लटकत होती.

“बघ. कसलंतरी विषारी फळ आहे.”

“टोमॅटो आहेत ते, मामा. भिंग काढ.”

नळीतून गरम पाणी फिरत होतं. आमच्याकडच्या थंडीत टोमॅटो पिकवायचं वेड होतं पाद्रीसाहेबांना. त्यांनी आम्हाला पिशवीभर लाल टोमॅटो दिले आणि मामाच्या तोंडाला आदल्या दिवसाचा वास येतोय का ते जरा वाकून पाहिलं. पुढच्या रविवारच्या प्रवचनात ‘आपल्यातलाच एक माणूस’ असा उल्लेख होता.

गुरुवारी दुपारी मी एकटीच निनियनकाकाच्या घरी गेले, टोमॅटो द्यायच्या निमित्ताने. त्याची बायको खिडकीशी होती. घरात दोन लाकडी पेट्या उघड्या होत्या आणि एकीत बशा वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवलेल्या.

“कुठे जाणार आहात?” मी विचारलं.

“त्यालाही माहीत नाही,” ती म्हणाली. “पण बशा लवकर गुंडाळलेल्या बऱ्या. घाईत फुटतात.” मग ओढ्याकडे बघत म्हणाली, “तुझ्या मामाला सांग, टोमॅटो छान आहेत.”

मी मामाला ते सांगितलं. बशांचंही सांगितलं. मामाने चहाचा कप बाजूला सारला. तसा तो वाईट माणूस नव्हता. त्याला निनियनला वाचवायचंच होतं. फक्त कुणीतरी गुन्हेगार सापडल्याशिवाय कुणाला वाचवता येतं, हे त्याला माहीत नव्हतं.

“मला पुन्हा पिंपाकडे जायचंय,” तो म्हणाला.

ऑक्सली आणि निनियन कुलपं काढायला आले. मामा भिंग लावून पिंपाभोवती फिरत असताना त्याचा पाय लाकडी ठोकळ्याला अडकला आणि तो पिंपावर आडवा झाला. पिंप थोडं हललं. आणि आतून आवाज आला.

खडखड, खडखड, खड.

निनियनने पुढे होऊन पिंपावर हात ठेवला, झोपेत दचकलेल्या मुलावर ठेवावा तसा. आवाज थांबला.

“हे काय होतं?” ऑक्सली म्हणाले.

आता खरं तर प्रश्न विचारला गेला होता. निनियनने तोंड उघडलंही. पण मामाने हात वर केला. “कुणी बोलू नका. मला समजलं. उद्या अकरा वाजता सगळ्यांनी इथेच जमायचं. मी नाव सांगेन.”

निनियनने तोंड मिटलं.

शुक्रवारी सगळे जमले. लॉकहार्ट, ऑक्सली, निनियन, आणि कामाची सुट्टी मिळाली म्हणून भट्टीतले आणखी आठदहा जण. मामाने आपल्या वडिलांच्या काळातला कोट घातला होता. तो सगळ्यांसमोर येरझाऱ्या घालू लागला. गोदामात जागा कमी, त्यामुळे तीन पावलं तिकडे आणि तीन पावलं इकडे.

“मंडळी,” तो म्हणाला, “पिंपातला आवाज तुम्हाला कशासारखा वाटला? कठीण. गोल. पुष्कळ. असं काय असतं जे कठीण, गोल, पुष्कळ असतं आणि लपवावं लागतं? मोती. मागच्या वर्षी मिसेस लॉकहार्टचा मोत्यांचा हार हरवल्याची गावात चर्चा होती.”

“तो पलंगाखाली सापडला,” लॉकहार्ट म्हणाले. “रविवारी तिने घातला होता.”

“तो खोटा हार.”

“हो, खोटाच. लग्नात मीच दिला होता तो. पहिल्यापासून खोटाच आहे. कृपा करून हे तिच्या कानावर जाऊ देऊ नका.”

मागे कुणीतरी खोकल्यासारखं केलं. मामाच्या येरझाऱ्या थांबल्या. त्याने भिंग डोळ्याला लावलं, काढलं, पुन्हा लावलं. मी आजवर त्याचे पुष्कळ सिद्धान्त कोसळताना पाहिले होते, पण दुसऱ्या कुणाचं घर त्याखाली येताना पहिल्यांदाच पाहत होते. ऑक्सलींनी घड्याळाकडे बघितलं.

तेवढ्यात दारातून आई आत आली. मामाचा मफलर घेऊन. मामा तो आमच्या खुर्चीवर विसरला होता.

“घाल हा,” ती म्हणाली. “इथे ओल आहे. आणि तुझी छाती कसली आहे ते तुला माहीत आहे.”

“एफी, मी एका महत्त्वाच्या...”

“ऐकलं बाहेरून. मोती.” तिने मफलर त्याच्या गळ्यात गुंडाळला आणि निनियनकडे वळली. “निनियन, मला बरेच दिवस तुला एक विचारायचं होतं. ॲलस्टेअरला नेलं त्या दिवशी तुम्ही सहा जण माझ्या दारात वाकून वाकून काय टिपत होतात? मी आतून पाहत होते. कोंबड्या दाणे टिपतात तसे. मला तेव्हा विचारायचं भान नव्हतं.”

“खडे,” निनियन म्हणाला.

“कुठले?”

“फुलांच्या वाफ्याच्या कडेचे. पांढरे.”

“कशाला?”

“यात टाकायला.” त्याने पिंपाकडे बोट केलं.

छपरावर एक कबूतर घुमलं.

“म्हणजे आत दगड आहेत?” ऑक्सली म्हणाले.

“हो.”

“हे तुम्ही आधी का नाही सांगितलंत?”

निनियनने मामाकडे पाहिलं, तेही काही वाईट वाटून नव्हे. “माझी झोप कशी आहे ते विचारलं. बहिणीचं विचारलं. हे कुणी विचारलंच नाही. काल साहेबांनी विचारलं, तर हे गप्प राहा म्हणाले.”

मग निनियन बोलला. इतकं सलग बोलताना मी त्याला ना आधी ऐकलं ना नंतर. आमच्याकडे कुणी वारलं की माणूस डोंगरावरच्या दगडांच्या ढिगावर त्याच्या नावाने एक दगड ठेवतो. भट्टीतला कुणी गेला की खांदा देणारे आधी या पिंपातला एकेक घोट घ्यायचे. हे पिंप यासाठी, की ते युद्धावरून परत आलेल्यांनी भरलं होतं, न आलेल्यांच्या नावाने. घोट घेतला तितकं पिंप रिकामं व्हायचं. ते बरं दिसेना. म्हणून ज्याने घोट घ्यायचा, त्याने गेलेल्याच्या दारातला एक खडा आत टाकायचा. बुचाच्या भोकातून जाईल एवढा. इतक्या वर्षांत पुष्कळ जण गेले.

“म्हणजे सरकारची व्हिस्की काढून दगड भरले,” ऑक्सली म्हणाले.

“व्हिस्की प्यायली,” निनियन म्हणाला. “दगड त्यांचे.”

ऑक्सलींनी पिंप रिकामं करायला सांगितलं. व्हिस्की गाळून दुसऱ्या पिंपात घेतली आणि दगड जमिनीवर ओतले. ते घरंगळत आमच्या पायांशी आले, ओले, चमकत, आणि सगळ्या गोदामात शेरीचा वास सुटला. निनियन गुडघ्यांवर बसला.

“हे लाल, डॉनल्ड केर. नदीपलीकडे राहायचा. हे करडे गिलीज भावांचे. दोघांचं दार एकच, त्यामुळे वेगळे ओळखू येत नाहीत. जिवंतपणीही येत नव्हते. हा एकच मोठा म्हणजे रॉरी. हा आत जाईना, ठोकावा लागला. रॉरी कुठल्याच दारातून सरळ गेला नाही.”

माणसं हसायला लागली. कुणी आपला बाप ओळखला, कुणी काका.

“हे पांढरे, ॲलस्टेअर.”

आई वाकली. तिने एक खडा उचलला आणि पदराला पुसावा तसा एप्रनला पुसला. व्हिस्कीत राहून त्याच्यावर मधासारखी झाक आली होती.

“इतकी वर्षं तो वाफा एका बाजूने बोडका आहे,” ती म्हणाली. “मी टॉर्क्विलला शिव्या देत होते. म्हटलं याच्याच पायाने उडाले असतील.”

“मी तेव्हाच म्हटलं होतं, मी निर्दोष आहे,” मामा म्हणाला.

ऑक्सली हसले नव्हते. “गोदामाला दोन कुलपं आहेत,” ते म्हणाले. “तुम्ही एकटे आत येऊच शकत नाही. दुसरी किल्ली अबकारी खात्याची. मग दार कुणी उघडलं?”

निनियन खाली बघत राहिला. मला तेव्हा कळलं, बशा का गुंडाळल्या होत्या. प्रश्न कुणी विचारला नाही हे खरंच होतं. पण विचारला असता तरी याचं उत्तर त्याला द्यायचं नव्हतं.

आईने दगडांत हात घातला आणि काळ्या स्लेटच्या काही गुळगुळीत चकत्या बाजूला काढल्या. त्या अजून नव्यासारख्या होत्या, शेरीचा रंग न चढलेल्या. गावात एकाच घराच्या दारात स्लेट होती. अबकारी साहेबांच्या, म्हणजे आधी बेर्डांच्या. ऑक्सली रोज त्याच पायरीवर बूट पुसायचे.

ऑक्सलींनी एक चकती हातात घेतली. बराच वेळ उलटसुलट करून पाहिली. मग खिशातला रुमाल काढून ती कोरडी केली आणि परत ठेवली.

“यांच्या वेळी दार कुणी उघडलं?” त्यांनी हळूच विचारलं.

“तुम्ही,” निनियन म्हणाला. “तुमचा पहिलाच दिवस होता. तुम्ही बाहेर उभे राहिलात. म्हणालात, ओलीने बूट खराब होतात.”

लॉकहार्टनी टोपी तोंडावर धरली.

ऑक्सलींनी दुसऱ्या पिंपातली व्हिस्की मोजली. शांतपणे, दोनदा. “शेजारच्या पिंपांपेक्षा थोडी कमी भरली,” ते म्हणाले.

“ती साहेब, आम्ही...” निनियनने सुरुवात केली.

“ती हवेत गेली,” ऑक्सली म्हणाले. “हा कोपरा वाऱ्याचा आहे. कमी झाल्याचं कलम आहे माझ्याकडे.” मग त्यांनी जमिनीकडे पाहिलं. “आणि दगडांवर कर नाही. ते कुठे ठेवायचे ते तुमचं तुम्ही बघा. फक्त यापुढे दार उघडायचं असेल तर मला आधी सांगत जा. मी आत येईन.”

त्या दुपारी सगळ्यांनी मिळून दगड धुतले आणि एकेक करून परत आत टाकले. आईने पांढरे स्वतः टाकले. एखादा ठेवून घे, असं मी म्हटलं. ती म्हणाली, “राहू दे. चांगल्या संगतीत आहे. आणि मला वाफ्याला दुसरे मिळतील.” संध्याकाळी मी निनियनकाकाकडे बशा लावायला गेले. एक फुटली. त्याची बायको म्हणाली, घाईत फुटतात, सांगितलं होतं मी.

मामाने पुठ्ठ्यावर एक ओळ वाढवून घेतली: ‘बॅलनाशीचं पिंप प्रकरण यशस्वीरीत्या संपलं.’ संपलं हे खरंच होतं, म्हणून मी लिहिलं.

मामा त्यानंतर बरीच वर्षं जगला आणि त्याच उमेदीने चुकत राहिला. तो गेला त्या सकाळी निनियन काठी टेकत बेकरीच्या जिन्यापाशी आला. तेव्हा तो फार म्हातारा झाला होता. त्याच्याबरोबर ऑक्सली होते, किल्ली घेऊन. भट्टीतल्या एकाने हळूच म्हटलं, की टॉर्क्विलने भट्टीत कधी काम केलं नव्हतं.

“एक आठवडा केलं,” निनियन म्हणाला. “आणि आम्हाला पुरलं.”

पण बेकरीच्या माडीचा जिना लाकडी. दारात दगडच नाही. निनियनने खाली, वर, सगळीकडे पाहिलं आणि माझ्याकडे वळला.

“इशबेल, काय टाकायचं गं?”

मी मामाच्या कोटाच्या खिशातून ते हिरवं भिंग काढून दिलं.

बुचाच्या भोकात ते अडकलं. ऑक्सलींनी लाकडी हातोडीने हलकेच ठोकलं तेव्हा ते आत गेलं. आम्ही सगळ्यांनी घोट घेतला, ऑक्सलींनीही. मग निनियनने पिंप थोडं हलवलं. दगड सगळे एका बाजूला घरंगळले, जड, एकसाथ. आणि ते थांबल्यावर जरा वेळाने, एकट्याचाच, काचेचा टणटण आवाज अगदी उलट दिशेला गेला.